सुंगनंतर चिनी चित्रकला उतरणीला लागली का?

तिरपी रेघ
फान ख्वानचं ‘डोंगर-ओढ्यांतले प्रवासी’ आणि ह्वांग कुंगवांगचं ‘फुचुन डोंगरातला मुक्काम’ ही दोन चित्रं दोन खिडक्यांत उघडून शेजारी लावा.

पहिलं अकराव्या शतकाच्या सुरुवातीचं. रेशमावर, 206.3 सेंमी उंच आणि 103.3 सेंमी रुंद. वरचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग एका सलग कड्याने व्यापलाय, उजवीकडच्या घळीतून धबधब्याची एक बारीक पांढरी रेघ उतरते, कड्याच्या पायथ्याशी धुकं आणि अगदी खाली बोटभरही नसलेला खेचरांचा तांडा. दगडाचा पृष्ठभाग हजारो बारीक ठिपक्यांनी उभा केलाय. हात लावला तर खरचटेल असा.

दुसरं 1350 च्या सुमाराचं. कागदावर, जेमतेम 33 सेंमी उंच आणि सहा मीटरहून लांब. शाई फिकी, झाडं म्हणजे चार फटकारे, डोंगराच्या कडा दोन-दोनदा ओढलेल्या दिसतात. आणि चिनी परंपरेत डोक्यावर घेतलं जातं ते हे दुसरं.

माझं मत: 1279 मध्ये सुंग राजघराणं गेलं आणि त्याच्याबरोबर डोळे उघडे ठेवून निसर्ग बघणंही गेलं. पुढे उरली ती पंडितांची, म्हणजे पेशेवर नसलेल्या विद्वान चित्रकारांची, हस्ताक्षराची हौस. पटत नसेल तर फुचुनमध्ये नेमकं काय बघायचं ते सांगा. अट एकच, ‘अध्यात्म’ आणि ‘झेन’ हे शब्द वापरायचे नाहीत.

बोरू
मांडणीतच घोळ आहे. फान ख्वानचं चित्र भिंतीवर टांगायचं, समोर उभं राहून मान वर करून बघायचं. फुचुन मेजावर ठेवून हाताने उलगडायचं. दोन्ही एका पडद्यावर एकाच मापात आणली की फुचुन मरतं. सहा मीटरची पट्टी पडद्याच्या रुंदीत बसवल्यावर डोंगरांच्या जागी मुंग्यांची रांगच दिसणार.

आडवी गुंडाळी उजवीकडून डावीकडे बघतात. डाव्या हाताने पुढचा भाग सोडायचा, उजव्या हाताने बघून झालेला गुंडाळत जायचं. एका वेळी उघडा राहतो तो खांद्याइतका, साधारण पन्नास-साठ सेंमीचा भाग. सुरुवातीला बाहेरचं जाड रेशमी अस्तर, मग शीर्षकाची मोठी अक्षरं असलेला कागद, मग रेशमाची पट्टी, मग चित्र, पुन्हा पट्टी, आणि शेवटी मालकांचे-मित्रांचे अभिप्राय लिहायला जोडलेला लांब कागद. म्हणजे चित्रकाराला ठाऊक असतं की बघणाऱ्याला पुढे काय येणार ते दिसत नाहीये आणि मागचं हातातून गेलंय. रचना त्या हिशोबाने केलेली असते. फुचुन बघायचं तर संगणकावर उंची पडदाभर करा आणि डावीकडे सरकत जा. सबंध चित्र एका नजरेत आणूच नका.

खवट पेठकर
म्हणजे चित्र बघायला दोन्ही हात मोकळे हवेत. चहा आधी संपवून या मंडळी.

काजळी
बोरू यांच्या प्रतिसादाला जोडून. चिनी डोंगर कुठलाही असो, आधी बाह्यरेषा, मग पोताचे फटकारे, मग फिक्या शाईचे हात, शेवटी ठिपके, असा क्रम असतो. भांडण असतं ते पोताच्या फटकाऱ्यांवरून.

फान ख्वानचे फटकारे ‘पावसाचे थेंब’ म्हणून ओळखले जातात. टोक टेकवून लगेच उचललेला आखूड ठोका, एकाशेजारी एक. उत्तरेकडच्या कोरड्या, उभ्या खडकांना ते शोभतात. ली थांगचे ‘कुऱ्हाडीचे घाव’ वेगळे. कुंचला आडवा पाडून अर्धवट कोरड्या शाईत झटक्याने ओढायचा, म्हणजे एक कड तीक्ष्ण निघते आणि दुसरी फाटत जाते. त्याचं 1124 चं ‘दऱ्याखोऱ्यांतला पाइनवारा’ बघा, दगड तासल्यासारखा दिसतो. तिसरे ‘तागाचे धागे’, दोंग युआन आणि चू-रान यांचे. त्यांत टोक रेषेच्या मधोमध ठेवून लांब, सैल, एकमेकींवर चढणाऱ्या रेषा येतात. दक्षिणेतल्या मातीच्या, झाडी असलेल्या टेकड्यांसाठी.

ह्वांग कुंगवांग हे धागे वापरतो. आधी फिक्या ओल्या शाईत लांब रेषा, ती वाळली की तिच्यावर जरा गडद आणि कोरडी, मग आणखी कोरडी. कोरड्या रेषेत कागदाचा पांढरा कण मधेमधे उघडा राहतो आणि टेकडी त्यामुळेच श्वास घेते. तिरपी रेघ यांना ‘दोनदा ओढलेल्या कडा’ खटकल्या, पण त्याने स्वतःच शेवटच्या मजकुरात सांगितलंय की एका बैठकीत आराखडा मांडला आणि नंतर सवड मिळेल तशी भर घालत गेलो, तीन-चार वर्षं. त्या थरांची तारीख लपवायची त्याला गरज वाटली नाही.

तिरपी रेघ
@काजळी, क्रम उत्तम सांगितलात. पण ‘रेषेचे थर बघा’ म्हणजे शेवटी हस्ताक्षरच बघा. माझा मुद्दाच तुम्ही सही करून दिलात.

दगडी निळा
हौस-बिस नंतर. आधी पाटी बघा, म्हणजे चित्र कशावर काढलंय ते.

रेशीम कच्चं असेल तर शाई विणीतून पसरते. म्हणून ते लाकडी चौकटीवर ताणून सरस आणि तुरटीच्या पाण्याने बंद करतात. बंद केलेल्या रेशमावर शाई वरच राहते, त्यामुळे फिक्या पाण्याचे एकावर एक कितीही हात देता येतात, खालचं उठत नाही. सुंग काळातलं धुकं आणि दगडाची जडता ह्यातून येते. कागद कमी बंद केलेला असेल तर तो शाई पिऊन टाकतो. तिथे वीस थर दिलेत तर चिखल होईल. म्हणून सुंगनंतरच्या युआन राजवटीत पंडितांनी कागद जवळ केला तेव्हा कोरडा कुंचला आला, थर कमी झाले, प्रत्येक फटकारा उघडा पडला. अजिबात बंद न केलेल्या कच्च्या शुआन कागदावर मुद्दाम शाई फुटू देणं मात्र त्यापुढच्या मिंग राजवटीच्या मध्यानंतरचं, श्यू वेइ (1521–1593) वगैरे.

शुआन कागद आन्हुइ प्रांतातल्या चिंगश्येनचा. निळ्या चंदनाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा मिसळून करतात. साल जास्त तर कागद चिवट, पेंढा जास्त तर मऊ. नावात चंदन असलं तरी त्या झाडाचा आपल्या चंदनाशी संबंध नाही.

सुगरण नव्हे
सरस-तुरटीचं प्रमाण काय? आणि तुरटी म्हणजे आपली दाढीनंतर लावायची तीच का?

दगडी निळा
तीच. प्रमाण 1679 च्या ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’ या चित्रपाठात दिलंय: उन्हाळ्यात सात भाग सरसाला तीन भाग तुरटी, हिवाळ्यात दहा भाग सरसाला तीन भाग. तुरटी वेगळ्या भांड्यात थंड पाण्यात विरघळवायची, गरम सरसात टाकायची नाही, टाकली तर ती ‘शिजते’ आणि निकामी होते. सरस आधी भिजवून मंद आचेवर विरघळवा, उकळू देऊ नका, निवला की दोन्ही एकत्र करा.

रेशमावर तीन हात द्यायचे. पहिला हलका, दुसरा भरपूर पण नितळ, तिसरा अगदी पातळ. सगळ्यांचा बिघडतो तो तिसरा, कारण तो दाट झाला की पृष्ठभाग चकचकतो आणि कुंचला घसरतो. तुरटी जास्त झाली तर वाळल्यावर पांढरी भुकटी वर येते, आणि आम्लामुळे काही वर्षांत कागद पापडासारखा मोडायला लागतो. कमी झाली तर मधेच एखाद्या ठिकाणी शाई झिरपते आणि पुसता येत नाही. पारखायचं असेल तर वाळलेल्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. मणी होऊन उभा राहिला तर बंद झालं, पसरला तर अजून एक हात द्या.

काजळी
शाईचंही सांगून टाकतो, पुढे कोणी विचारेलच. काजळी दोन प्रकारची: पाइन जाळून धरलेली आणि तुंग तेलाच्या दिव्यावर धरलेली. पाइनची शाई निळसर काळी आणि निस्तेज, तेलाची जरा तपकिरी झाक आणि चमक असलेली. डोंगर-पाण्याच्या चित्राला (म्हणजे निसर्गचित्राला) बहुतेक जण तेलाची घेतात, कारण पातळ केल्यावर तिच्या छटा स्वच्छ पडतात.

उगाळताना दगडावर चार-पाच थेंबच पाणी, कांडी सरळ उभी, हात सावकाश गोल. घाईने दाबून उगाळलं की कण जाड राहतात आणि फिक्या छटेत करकर दिसते. झालं की कांडी उचलून पुसून ठेवा, ओल्या दगडावर उभी ठेवू नका, सरस वाळून ती चिकटते आणि ओढल्यावर दगडाचा टवका घेऊन निघते. उन्हातही वाळवू नका, तडे जातात. रात्रीची शिळी शाई दुसऱ्या दिवशी वापरली तर तिच्यातला सरस मेलेला असतो. चित्र मढवताना ओलं केलं की तीच शाई आधी पळते.

गोदाकाठ
थोडं विषयांतर. आपल्या अजिंठ्याशी या सगळ्याचा काही धागा जुळतो का, की ते नेहमीचं ‘सगळं आपल्याकडूनच गेलं’?

खवट पेठकर
आता नूडल्सही शेवयांवरूनच सुचल्या असं सिद्ध होणार.

लेणीदर्शन
धागा जुळतो, पण डोंगर-पाण्याच्या शाईचित्रांशी नाही, त्याआधीच्या भित्तिचित्रांशी. वायव्य चीनमधल्या तुनह्वांगच्या मोगाओ लेण्यांत सुरुवातीच्या काळात, म्हणजे 254, 257 वगैरे गुंफांत, माणसांच्या अंगाला कडेने गडद रंग आणि नाकावर, पापण्यांवर पांढरा उजेड दिलेला दिसतो. सपाट भिंतीवर अंग गोल दाखवायची ही रीत भारतातून मध्य आशियामार्गे तिथे पोचली. अजिंठ्यात तिचं अधिक मऊ रूप दिसतं. बांधणीही ओळखीची. दोन्हीकडे मातीच्या लिंपणात काडी, तूस किंवा तंतू घालून भिंत तयार करतात, वर पांढरा पातळ थर, आणि रंग सरसात कालवून सुक्या भिंतीवर. ओल्या चुन्यावरचं काम दोन्हीकडे नाही.

तुनह्वांगला आज कित्येक चेहरे काळे-करडे आणि नाकडोळे पांढरे, भुतासारखे दिसतात. तो मूळ हेतू नव्हे. शेंदूर आणि शिशाचा सफेदा प्रकाश-ओलाव्याने काळे पडले आणि जिथे शुद्ध पांढरा टिकला तेवढाच उठून राहिला.

सहाव्या शतकात चांग संगयो या चित्रकाराने नानचिंगच्या एका मंदिराच्या दारावर भारतीय रीतीने फुलं काढली, लांबून उठावाची दिसायची आणि जवळ गेलं की सपाट, अशी जुनी नोंद आहे. पुढे मात्र चिनी चित्रकारांनी ही छाया-उजेडाची वाट सोडली आणि सगळा भार रेषेवर टाकला.

बोरू
आणि तिथूनच परत मूळ प्रश्नावर येता येतं. छाया नाही, एक स्थिर डोळाही नाही. क्वो शीने (त्याचं ‘वसंतारंभ’ 1072 चं) तीन अंतरं सांगितली: पायथ्याहून शिखराकडे बघणं, डोंगरासमोरून त्याच्या मागे डोकावणं, आणि जवळच्या डोंगरावरून लांबच्या डोंगराकडे बघणं. एकाच चित्रात तिन्ही येऊ शकतात. शन खुओ या विद्वानाने तर त्याच शतकात ली छंग या चित्रकारावर टीका केली, की हा उंचावरच्या मंडपांची छपरं खालून बघितल्यासारखी वळचण दाखवून काढतो. डोंगर असा एका जागेवरून काढला तर एकच थर दिसेल, मागच्या दऱ्या दिसणारच नाहीत. म्हणजे ‘डोळ्यांना दिसतं तसं’ हा निकष सुंगमध्येच मोडीत निघालेला होता. फान ख्वानचा कडा समोरून बघितलाय, खालचे खडक वरून, आणि मधल्या धुक्याने सांधा झाकलाय. ते निसर्गाचं छायाचित्र नव्हतंच कधी.

तिरपी रेघ
@बोरू, हा मुद्दा वजनदार आहे. पण धुक्याने सांधा झाकायला ज्या माणसाने हजारो ठिपके दिले, त्याचं कष्टाचं माप वेगळं. माझं पारडं अजून फान ख्वानकडेच.

बाय द वे, त्याची सही 1958 मध्ये सापडली, उजवीकडे तांड्याच्या मागच्या झाडाच्या पानांत लपवलेली. ह्याला म्हणतात नम्रता.

मोहोर
नम्रतेवरून आठवलं, छ्यानलोंग बादशहाचा उल्लेख कसा नाही अजून?

फुचुनची गोष्ट थोडक्यात. 1650 मध्ये यीशिंगच्या वू होंगयू या मालकाने मरताना चित्र सोबत न्यायचं म्हणून जाळायला लावलं. पुतण्याने आगीतून ओढून काढलं, पण दोन तुकडे झाले. पहिला 51.4 सेंमीचा तुकडा आता हांगचौला जच्यांग प्रांतिक संग्रहालयात आहे, उरलेला 636.9 सेंमीचा तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात. गुंडाळी जळाली होती, त्यामुळे मोठ्या तुकड्याच्या सुरुवातीला जळल्याच्या खुणा ठराविक अंतराने पुन्हापुन्हा येतात. 2011 मध्ये दोन्ही तुकडे तैपेईत एकत्र मांडले होते.

1745 मध्ये छ्यानलोंगच्या हाती याच चित्राची एक नक्कल आली. त्याला ती अस्सल वाटली. पुढच्याच वर्षी खरं चित्र दरबारात आलं, तर त्याने ते नक्कल ठरवलं आणि तसं त्याच्यावर लिहवूनही घेतलं. मग आयुष्यभर त्या नकलेवर पन्नासहून जास्त वेळा स्वतःचे अभिप्राय लिहीत राहिला. आकाशात जागा म्हणून शिल्लक ठेवली नाही. अस्सल चित्र ‘खोटं’ ठरलं म्हणून स्वच्छ राहिलं.

खवट पेठकर
गडावर बदाम कोरून नावं लिहिणाऱ्यांचा हा मूळपुरुष.

मोहोर
त्याला पहायचं असेल तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधला हान गानचा घोडा बघा. आठव्या शतकातलं चित्र, मूळ कागद 30.8 गुणिले 34 सेंमी, आणि शिक्के-अभिप्राय धरून गुंडाळी अकरा मीटरच्या वर. घोड्याच्या भोवती लाल शिक्क्यांचा बाजार भरलाय.

पण शिक्के म्हणजे निव्वळ हौस नव्हे. मालक दोन कागदांच्या किंवा चित्र आणि पट्टीच्या सांध्यावर शिक्का मारतात, अर्धा इकडे अर्धा तिकडे. ते अर्धे जुळत नसतील तर मधे काहीतरी बदललंय. खरे अभिप्राय सोडवून खोट्या चित्राला जोडणं आणि खरं चित्र खोट्या अभिप्रायांसह विकणं, असे एका गुंडाळीचे दोन सौदे हा जुना धंदा. त्याहून वरचढ म्हणजे दुपदरी कागद सोलून एका चित्राची दोन करणं. खालच्या पदरावर उतरलेली शाई फिकी असते, मग ती वरून गडद करतात आणि तिथेच हात उघडा पडतो, कारण नवी शाई जुन्या फटकाऱ्याच्या वेगाने जात नाही.

रेशमासाठी मी फू या सुंग काळातल्या चित्रकार-पारख्याने (1051–1107) सांगितलेली पारख अजून कामाची आहे: ओल्या रंगात बुडवून जुनं केलेलं रेशीम असेल तर रंग धाग्यांच्या मधल्या फटीत बसतो, धुरावर धरलेलं असेल तर वास येतो आणि वर गडद, खाली फिकं दिसतं.

पदर
इथे मढवण्याबद्दल कोणी बोललं नाही. चित्राच्या पाठीला थेट चिकटलेला पहिला कागद चिनी कारागीर ‘जीवाचा कागद’ मानतात. नव्याने मढवताना चित्र पालथं घालून, भिजवून, तो बोटांच्या टोकांनी वळवत वळवत काढावा लागतो. चित्रं मरतात ती याच वेळी. खळ गव्हाच्या पिठाची, पण त्यातला चिकट भाग धुऊन काढून फक्त सत्त्व वापरायचं. दाट खळ लावली की गुंडाळी ताठ होते आणि उलगडताना रंगाला मोडी पडतात.

दगडी रंगाच्या चित्रांचं दुखणं मोठं. वांग शीमंगचं 1113 चं ‘हजार मैलांच्या नद्या-डोंगर’ 51.5 सेंमी उंच आणि 1191.5 सेंमी लांब आहे, अझुराइट (निळा) आणि मॅलाकाइट (हिरवा) या दगडांच्या रंगांचे जाड थर. दर उलगड्याला कण सुटायची भीती, म्हणून ते क्वचित बाहेर येतं.

दगडी निळा
माझा आवडता विषय काढलात. हे दगड कुटून, पाण्यात घोळून, बसणाऱ्या थरांनी वेगळे करतात. जाड कण आधी बसतात, ते सर्वांत गडद. बारीक शेवटी, ते फिके. सरस वापरायच्या वेळीच घालायचा आणि काम संपलं की गरम पाण्याने धुऊन काढायचा, नाहीतर रंग घट्ट होऊन पुढच्या वेळी मळकट लागतो. खाली आधी गेरूसारखा तांबूस हात द्यायचा, त्याच्यावर निळा-हिरवा. तो तांबूस कणांच्या फटींतून डोकावतो म्हणून निळा खोल दिसतो. थेट पांढऱ्यावर दिलात तर खडूसारखा दिसेल.

काजळी
@तिरपी रेघ, तुमच्या ‘उतरणी’च्या कल्पनेला एक चिनी आरसा आहे, फक्त उलटा. दोंग छीछांगने (1555–1636) सगळी चित्रकला उत्तर-दक्षिण अशा दोन घराण्यांत वाटली. भूगोलाशी संबंध नाही. पेशेवर, रंगीत, घोटीव ते उत्तर, पंडितांचं, शाईचं, सैल ते दक्षिण. ली थांग, मा युआन, श्या क्वेइ उत्तरेत ढकलले, दोंग युआन आणि ह्वांग कुंगवांग दक्षिणेत. दक्षिणेचा मूळपुरुष म्हणून आठव्या शतकातला वांग वेइ बसवला, ज्याच्या हातचं खात्रीचं एकही चित्र आज उरलेलं नाही. गंमत म्हणजे 1596 मध्ये फुचुन ह्याच दोंग छीछांगच्या मालकीचं झालं. आपल्या संग्रहातल्या चित्राला वंशावळीच्या मधोमध बसवणं सोयीचंच होतं. तेव्हा ‘फुचुन सर्वश्रेष्ठ’ ही त्याची वाटणी मानायची गरज नाही, तशी ‘सुंग सर्वश्रेष्ठ’ ही उलटी वाटणीही.

तिरपी रेघ
हे मात्र आवडलं. ज्याचं चित्रच नाही त्याला घराण्याचा मूळपुरुष करणं, ह्यात भांडायला कोणी उरत नाही.

बोरू म्हणाले तसं उंची पडदाभर करून सरकवलं. दाट टेकडी संपून एकदम सपाट पाणी येतं आणि मग बराच वेळ काहीच नाही, तिथे थांबायला होतं. ‘हस्ताक्षराची हौस’ हे माझे शब्द तिथे लागू पडत नाहीत. शेवटचा उभा सुळका मात्र मला अजूनही घाईत उरकलेला वाटतो.

बोरू
सुळक्याबद्दल जुन्या लोकांतही एकमत नाही, तेव्हा भांडण चालू ठेवा. शन चौ या चित्रकाराने 1487 मध्ये फुचुन हातचं गेल्यावर नुसत्या आठवणीवरून त्याची प्रत केली. ती बैजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. तिच्यात सुळका कसा येतो ते मूळ चित्राशी ताडून बघा.

गोदाकाठ
ही चित्रं प्रत्यक्ष बघायची असतील तर? इथले दोघं-तिघं तैपेई-लंडनला जाणारे आहेत.

पदर
तारखा आधी बघूनच जा. तैपेईला फान ख्वानसारखी निवडक चित्रं एका वेळी सुमारे सहा आठवडेच मांडतात आणि मग किमान तीन वर्षं अंधारात ठेवतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधली कू खाइची या जुन्या चित्रकाराच्या नावावरची रेशमी गुंडाळीही वर्षातून थोडेच आठवडे उघडी असते. न्यूयॉर्कला जाणार असाल तर क्वो शीचं ‘जुनी झाडं, सपाट अंतर’ मांडलंय का ते मेट्रोपॉलिटनच्या संकेतस्थळावर तपासा, नसेल तर चिनी दालनात त्या वेळी जे लावलं असेल ते बघा. एवढं सगळं जमत नसेल तर तैपेईच्या संग्रहालयाने मोठ्या मापाची छायाचित्रं मोफत उतरवून घ्यायला ठेवली आहेत. फान ख्वानचा तांडा मोठा करून उजवीकडची पानं शोधा. सही बारीक आहे, दोन अक्षरं, आणि पहिल्या झटक्यात कोणालाच दिसत नाही.